माग

पाचूबंदरात एक कोळी राहत होता. वसईच्या किल्ल्याला लागून, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे हे गाव आहे. समोर पाण्यापलीकडे उत्तन, पाठीशी किल्ल्याचे तट, आणि पूर्वेला घरांच्या नि माडांच्या वर तुंगारेश्वराचा डोंगर. होडी लांब गेली, किनारा दिसेनासा झाला, तरी तो डोंगर दिसत राहतो. त्यामुळे इथल्या कोळ्याला डोंगर लहानपणापासून ठाऊक असतो, पण लांबून. हा कोळी मात्र त्या डोंगरात एक रात्र बसला होता.

तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्या गोष्टीला आता साठ वर्षं होऊन गेली. घरात तो आणि आय, दोघंच. बाप लवकर गेला होता. पोरगा काकाच्या होडीवर जायचा आणि आय वलांडीवर बोंबील सुकवायची. सुकलेले बोंबील, जवळा, करंदी पाटीत भरून ती डोंगराखालच्या पाड्यांवर जायची. पावसाळा तोंडावर आला की तिथे सुक्या मासळीला मोठी मागणी असे. पैसे कुणाकडे नसत. भात मिळे, नागली मिळे, कधी पळसाच्या पानांचा भारा मिळे. एका पाड्यावरच्या वारल्याला तिनं भाऊ मानलं होतं. म्हणून तो पोराचा मामा झाला.

मामाकडे तीरकामठा होता. कामठा बांबूचा आणि त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. तीर सरळ, टोकाला लोखंडाचं पातं, मागे पिसं. आय पाड्यावर बायकांशी बोलत बसली की पोरगा तो कामठा हातात घेऊन बघत बसायचा. मामा त्याला झाडाच्या खोडावर नेम धरायला देई. पोराचा हात जाळी ओढून ओढून घट्ट झालेला होता. दोन वर्षांत त्याचा नेम चांगला बसू लागला. खोडावर पान टोचून ठेवलं तर वीस पावलांवरून तो पानातून तीर घालवी.

“मला रानात ने,” तो म्हणायचा.

“खोड पळत नाय,” मामा म्हणायचा. तेवढंच.

चैत्रातली अष्टमी होती. अष्टमीला समुद्राला भांग असते. पाण्याला ओढ नसते, डोलीच्या जाळ्यात मासळी जेमतेम शिरते, आणि होड्या वाळूवर पडून राहतात. पोराला दोन दिवस मोकळे मिळाले. तो आयची पाटी घेऊन एकटाच पाड्यावर गेला. रानात मोह फुलला होता. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडायचा आणि तो खायला सकाळ-संध्याकाळ भेकरं यायची. भेकर म्हणजे लहानखुरं हरीण, वजनानं जेमतेम वीस किलोचं. भ्यालं की ते कुत्र्यासारखं भुंकतं. त्या संध्याकाळी मामानं कामठा पोराच्या हातात दिला.

वाटेत त्यानं तीन गोष्टी सांगितल्या. जनावर तोंड करून उभं असलं तर सोडायचा नाही. पानाआड असलं तर सोडायचा नाही. आडवं उभं राहिलं, पुढचा पाय पुढे पडला आणि खांद्यामागची जागा उघडी झाली, तरच सोडायचा. “आणि तसं नाय झालं,” मामा म्हणाला, “तर फुलं वेचून घरी जायचं.”

दोघं मोहाच्या झाडापासून जरा दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एका कुडाआड बसले. ऊन उतरलं. मोराचा आवाज आला आणि थांबला. बराच वेळ काही झालं नाही. मग भेकर आलं, कधी आणि कुठून ते पोराला कळलंही नाही. नुसत्या सावलीच्या जागी एकदम पाय दिसले. त्याची मान खाली होती. ते फुलं खात होतं आणि खाता खाता झाडाच्या खोडामागे चाललं होतं.

मामानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. थांब, असा तो हात होता. पण पोराला वाटलं, आता गेलं तर गेलं. त्यानं दोरी ओढली आणि सोडली.

भेकर जागेवरच कुबड काढून उसळलं, आणि झुडपांत दिसेनासं झालं. पानांचा आवाज काही क्षण येत राहिला, मग तोही बंद झाला. पोरगा उठून धावणार तोच मामानं त्याचं मनगट धरलं.

“बस.”

“मामा, लागलाय त्याला! मी बघितलं!”

“मीही बघितलं. बस.”

मामा बराच वेळ बसून राहिला. मग हळूच उठला आणि भेकर उभं होतं तिथे गेला. तीर पलीकडे पानांत पडला होता, आरपार गेला होता. पोराला आनंद झाला. मामानं तीर उचलला, बोटांत फिरवला, नाकाजवळ नेला. मग पोराच्या नाकाजवळ धरला. तिराला रक्त थोडं होतं. पातळ हिरवट काहीतरी चिकटलं होतं आणि त्याला आंबूस वास येत होता.

“फुप्फुसात लागला असता तर रक्त फेसाळ आलं असतं, लाल,” मामा म्हणाला. “मग पन्नास पावलांवर मिळालं असतं. हा पोटात लागला.”

“मग?”

“मग ते रातभर मरेल.”

पोराला काही बोलता येईना. थोड्या वेळानं तो म्हणाला, “मग लगेच जाऊ या ना मागे.”

इथे मामानं त्याला जे सांगितलं, ते ऐकायला उलटं वाटतं. पोटात लागलेलं जनावर फार लांब जात नाही. त्याला दुखत असतं, ते जवळच कुठेतरी आडोशाला बसतं. मागे कुणी आलं नाही तर बसूनच राहतं. पण मागे पावलांचा आवाज आला की ते उठतं, आणि एकदा उठलं की जीव जाईपर्यंत चालत राहतं. मग ते अशा ठिकाणी मरतं जिथे कुणालाच सापडत नाही. रक्तही फारसं सांडत नाही त्याचं, भोक आतल्या आत बुजतं. म्हणून त्याच्यामागे लगेच जायचं नसतं. तसंच टाकून घरीही जायचं नसतं.

“इथेच बसायचं,” मामा म्हणाला. “उजाडेपर्यंत.”

आणि ते बसले. अष्टमीचा अर्धा चंद्र डोक्यावर होता. पोराला भूक लागली होती. पाड्यावर आयनं पाठवलेल्या बोंबलांचं कालवण शिजलं असेल, असं सारखं त्याच्या मनात येत होतं. पाडा काही लांब नव्हता. कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं. मच्छर चावत होते. एकदा तो म्हणालाही, “मामा, घरी जाऊन पहाटे येऊ. ते काय, तिथेच बसलंय ना?”

“ते बसलंय,” मामा म्हणाला, “म्हणून आपणही बसलोय.”

मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र डोंगरामागे गेला आणि एकदम काळोख झाला. ओहोळाच्या बाजूनं एक आवाज आला, भुंकल्यासारखा, पण अर्धवट. एकदाच. पोरगा मामाजवळ सरकला.

“वाघानं नेलं तर?” त्यानं विचारलं. त्या भागात बिबट्यालाही वाघच म्हणतात.

“तर तो वाघोबाचा घास. पण तसं झालं हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. बघितल्याशिवाय म्हणायचं नाय.”

पोरगा त्या रात्री झोपला नाही. काळोखात त्याला एकच गोष्ट दिसत राहिली. मामाचा हात त्याच्या गुडघ्यावर होता आणि त्यानं दोरी सोडली होती.

उजाडलं. मामानं पळसाची पाच-सहा पानं तोडून कमरेला खोचली. भेकर जिथून झुडपांत शिरलं होतं तिथे तो वाकला आणि पोराला म्हणाला, “मागावर पाय द्यायचा नाय. बाजूनं चालायचं. तू माझ्यामागे.”

पोरगा समुद्रावर वाढला होता. पाण्यावरची रेघ बघून खाली काय आहे ते त्याला सांगता यायचं. पण रानात त्याला काहीच दिसेना. जमिनीवर सागाची वाळलेली पानं पसरली होती, आणि सागाच्या पानावर तांबडे ठिपके तसेही असतात. मामा बोट ओलं करून ठिपका पुसायचा. पुसला गेला तर रक्त, नाही तर पान. रक्ताचा थेंब सापडला की तिथे पळसाचं एक पान उलटं ठेवायचा आणि पुढचा थेंब शोधायचा. तो सापडला की मागचं पान उचलून पुढे आणायचा. कधी पंचवीस पावलं काहीच नसे. मग तो गुडघ्यावर बसून गवताकडे तिरपं बघायचा. रक्त जमिनीवरच शोधायचं नसतं, तो म्हणाला. भेकराच्या पोटाइतक्या उंचीवर, गवताच्या पात्यांना, पानांच्या खालच्या अंगाला बघायचं.

एकदा पोरगा उत्साहानं पुढे झाला आणि त्याचा पाय नेमका एका ठिपक्यावर पडला. मामा रागावला नाही. पण मागच्या पानापाशी परत गेला, आणि तिथून पुन्हा सगळं सुरू केलं. त्यात अर्धा तास गेला. पोरानं त्यानंतर पाय कुठे ठेवायचा ते बघायला सुरुवात केली.

माग ओहोळापाशी आला. पोटात लागलेल्या जनावराला तहान लागते, ते पाण्याकडे उतरतं. चैत्रात ओहोळ कोरडा होता. फक्त खडकांत एका खोलगट जागी पाणी साठून राहिलं होतं. त्या खडकावर माग संपला. अलीकडे थेंब होता, पलीकडे काही नव्हतं.

ऊन चढायला लागलं होतं. आणि तेवढ्यात, समोरच्या काठावरून दुसरं एक भेकर पाण्यावर उतरलं. त्यानं यांना पाहिलं नव्हतं. ते आडवं उभं राहिलं. पुढचा पाय पुढे पडला. खांद्यामागची जागा उघडी झाली. पंधरा पावलांवर.

पोरानं मामाकडे बघितलं. मामा म्हणाला होता तस्संच सगळं होतं. त्यानं हळूच तीर दोरीला लावला.

मामानं त्याच्या हातातून कामठा काढून घेतला आणि जमिनीवर ठेवला. लाकडाचा आवाज झाला. भेकर भुंकलं आणि काठ चढून निघून गेलं.

“का, मामा? ते नीट मिळालं असतं!”

“एकाचं देणं अंगावर आहे,” मामा म्हणाला. “ते फिटल्याशिवाय दुसऱ्याकडे बघायचं नाय.”

मग मामानं शेवटचं पान खडकावर ठेवलं, त्यावर दगड ठेवला, आणि पानाभोवती फेर धरला. पहिला फेर लहान. काही नाही. दुसरा त्याहून मोठा. काही नाही. तिसऱ्या फेरात करवंदीच्या जाळीला एक केस अडकलेला पोराला दिसला. त्याला दिसला, मामाला नव्हे. त्यानं हाक मारली नाही. नुसता मामाचा हात धरून दाखवला. त्याच्या पुढे पाचोळा दबून एक वाटी झाली होती. तिथे काळसर रक्त होतं आणि मुंग्यांची रांग लागली होती. भेकर रात्री इथे बसलं होतं. मग उठून पुढे गेलं होतं. कारवीच्या रोपांत निळ्या माश्या घोंघावत होत्या.

ते तिथे होतं. पाय पोटाखाली दुमडून बसलं होतं. जिवंत होतं. त्यानं यांच्याकडे बघितलं, उठायचा प्रयत्न केला आणि उठता आलं नाही.

मामानं कामठा पोराला दिला. “आता जवळून. मागच्या बाजूनं जा, डोळ्यांसमोर जाऊ नको.”

पोराचा हात थरथरत होता. “माझ्यानं नाय होणार, मामा. तू सोड.”

“काल नाय थरथरला,” मामा म्हणाला. तो हळू बोलला, पण बाजूला झाला नाही.

पोरानं डोळे पुसले. तो वळसा घालून मागे गेला, श्वास घेतला, धरला, आणि खांद्यामागच्या उघड्या जागी तीर सोडला. भेकरानं मान टाकली. मामानं गवताची काडी घेऊन त्याच्या डोळ्याला लावली. पापणी हलली नाही. तेव्हा तो खाली बसला, ओंजळीत आणलेलं पाणी त्यानं भेकराच्या तोंडाशी सोडलं, आणि मग दोघांनी ते खांद्यावर घेतलं.

पोटाकडचं मांस खराब झालं होतं, ते कापून टाकावं लागलं. बाकीचं पाड्यावर घरोघरी वाटलं गेलं. पोराच्या पानातही आलं. त्याच्या घशाखाली उतरेना.

“खा,” मामा म्हणाला. “खाणार नव्हतास तर मारलंस कशाला?”

तो खाली मान घालून सगळं खाऊन उठला.

त्यानंतर पोरानं कामठा कधी मागितला नाही. पुढे 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि रानातल्या शिकारीवर बंधनं आली. 2003 मध्ये तुंगारेश्वरचं रान अभयारण्य झालं. मामा तोपर्यंत गेला होता. त्याच्या घरी कामठा भिंतीवर होता, दोरी काढून ठेवलेला. हे चांगलंच झालं, असं मला वाटतं. आज त्या रानात भेकर भुंकलं तर ते बिबट्याला बघून भुंकतं, आणि तसंच असावं.

पोरगा होडीवरून बोटीवर गेला, खलाशाचा तांडेल झाला, केस पांढरे झाले. सत्तरी ओलांडल्यावर बोट पुतण्यानं घेतली. पण तांडेल अधूनमधून बोटीवर जायचाच. घरी बसून करायचं काय?

पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. बोट पापलेटवर गेली होती. तीन दिवसांनी परत फिरायचं म्हणून जाळं ओढायला घेतलं, तर ते एका टोकाला खडपात अडकलं. ओढलं, सैल सोडलं, पुन्हा ओढलं. निघेना. सूर्य बुडत आला होता. खणात मासळी होती, बर्फ विरघळत होता. रात्रीच्या लिलावाला पोचलं नाही तर भाव पडणार होता. तांडेलानं स्वतःच सुरी घेतली आणि जाळं कापलं. चाळीसेक वाव जाळं मागे राहिलं. बोट सुटली.

बोट वळत असताना त्यानं मागे बघितलं. कापलेलं जाळं खडपातून सुटून वर आलं होतं. पाण्यावर त्याचे बोये दिसत होते आणि ते सुकतीबरोबर बाहेर चालले होते.

“थांबव,” तो पुतण्याला म्हणाला.

“काका, जुनं जाळं आहे ते. जाऊ दे. अंधारात कुठे धरणार? पंख्यात गुंतलं तर आपणच अडकू.”

पुतण्याचं म्हणणं बरोबर होतं. अंधारात सुट्या जाळ्यामागे बोट घालणं वेडेपणाच होता. तांडेलाला ते पटलं. पण तो काठाला धरून उभा राहिला आणि किनाऱ्याकडे बघू लागला. उजेड पुरता गेला नव्हता. तुंगारेश्वराचा डोंगर अजून दिसत होता. त्याच्या माथ्याची एक खूण आणि किनाऱ्यावरची दुसरी खूण त्यानं एका रेषेत घेतली, मग दुसरीकडच्या दोन खुणा घेतल्या. जीपीएसवर जागा होतीच. पण त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पान ठेवायचं होतं.

“उद्या यायचं इथे,” तो म्हणाला.

“कशाला? डिझेलही सुटणार नाही त्यात.”

“सूत असतं तर कुजलं असतं. हे नायलॉन आहे. आपण घरी जेवायला बसू, आणि ते तिकडे मारत राहील. वर्षभर मारेल.”

रात्री मासळी उतरवली, भाव बरा मिळाला. तांडेल जेवला, पण झोपला नाही. भरती किती वाजता लागणार, सुकती किती वाजता, वारा कुठला, हे तो मनात मोजत होता. सुकतीनं जाळं बाहेर नेलं असेल, भरतीनं काही परत आणलं असेल, पण तितकंच नाही. पहाटे त्यानं पुतण्याला उठवलं. खलाशी कुरकुरत आले. एक जण आलाच नाही.

पाण्यावर रक्त सांडत नाही आणि पाऊल उमटत नाही. कापल्या जागी काहीच नव्हतं. तिथून तांडेलानं फेर धरायला लावला, आधी लहान, मग मोठा. दोन प्रवाह जिथे भेटतात तिथे पाण्यावर फेसाची रेघ होते आणि सगळं वाहतं सामान तिथे गोळा होतं. तशी एक रेघ त्यानं धरली. प्लॅस्टिकच्या बाटल्या मिळाल्या, नारळ मिळाले, एक चप्पल मिळाली. जाळं नव्हतं. दहा वाजले. अकरा वाजले. वाटेत एका जागी पाण्यावर पापलेटचा थवा असल्याची खूण दिसली. पुतण्या म्हणाला, “काका, जाळं बोटीवर आहे. टाकू या का?”

“नाय,” तांडेल म्हणाला. “आधीचं बघू.”

दुपारी लांबवर चार पाखरं पाण्यावर बसलेली दिसली. पाण्यावर नव्हती, कशावर तरी बसली होती. इंजिन मंद करून ते जवळ गेले. जाळं होतं. अर्ध्याला पीळ पडून त्याचा गोळा झाला होता. त्यात कुजलेले मासे होते, खेकडे होते, आणि एक कासव होतं.

कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं. जाळं खाली ओढलं गेलं असतं तर ते बुडून मेलं असतं. बोयांमुळे गोळा तरंगत होता, म्हणून त्याचं तोंड पाण्याबाहेर राहिलं होतं. पुढचा डावा वल्ह्यासारखा पाय नायलॉननं हाडापर्यंत कापला होता. ते सुटायची धडपडसुद्धा करत नव्हतं.

तांडेल बोटीच्या काठावर पोटावर पडला आणि त्यानं सुरीनं एकेक धागा कापला. घाई केली नाही. कासव वर घेतलं, ओल्या गोणपाटावर सावलीत ठेवलं. सगळं जाळंही वर ओढून घेतलं, शेवटच्या बोयापर्यंत. मग वन विभागाला फोन केला.

किनाऱ्याकडे येताना एका खलाशानं आठवण करून दिली. जाळ्यात सापडलेलं कासव सोडवण्यासाठी मच्छीमारानं जाळं कापलं तर सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं. महाराष्ट्रात ही योजना 2018 पासून आहे. फोटो काढलेले होते. डिझेलचा खर्च निघाला असता आणि वर काही उरलंही असतं.

तांडेल म्हणाला, “जाळं मी कासवासाठी नाय कापलं. माझ्या घाईसाठी कापलं. त्याचे पैसे कसे मागायचे?”

बोटीवर कुणी काही बोललं नाही. ती योजना चांगली आहे, आणि तिच्यामुळे आपल्या किनाऱ्यावर कितीतरी मुके जीव वाचले आहेत. ज्याचा हक्क आहे त्यानं ते पैसे जरूर घ्यावेत. तांडेलाला इतकंच वाटलं की हा हक्क त्याचा नव्हता.

डहाणूला जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे. वन विभाग आणि तिथले प्राणिमित्र मिळून ते चालवतात. कासव तिथे गेलं. पाय वाचला नाही, काढावा लागला. तांडेल दोनदा लोकलनं डहाणूला जाऊन ते बघून आला. काही महिन्यांनी ते तीन पायांनी नीट पोहायला लागलं, तेव्हा त्याला समुद्रात सोडलं. त्या दिवशी पुतण्याही बरोबर होता. परत येताना गाडीत त्यानं विचारलं, “काका, तुला हे कुणी शिकवलं?” तेव्हा तांडेलानं त्याला भेकराची गोष्ट सांगितली. आधी कधी कुणाला सांगितली नव्हती.

त्या गोष्टीतला नेम मला फारसा आठवत नाही. आठवते ती रात्र, मोहाच्या झाडाखाली बसलेली दोन माणसं आणि जवळच पाड्यावर शिजलेलं कालवण. आपल्या हातून रोज कुणाला ना कुणाला लागतं. घाईत सुटलेला शब्द असतो, अर्धवट टाकलेलं काम असतं, कापून सोडून दिलेला एखादा धागा असतो. लागलं हे आपल्याला कळलेलं असतं. मग अंधार पडतो, भूक लागते, दिवसाचा भाव पडायची भीती असते, आणि समोर दुसरं काहीतरी चांगलं येऊन उभं राहतं. ही सगळी कारणं खरी असतात. भूक मामालाही लागली होती.

वसईपासून डहाणूपर्यंत कुठल्याही किनाऱ्यावर जखमी किंवा थकलेलं कासव दिसलं, तर त्याला परत पाण्यात लोटू नका. अशक्त कासव पाण्यात गेलं तर बुडून मरू शकतं. त्याला सावलीत ठेवा, अंगावर ओलं कापड घाला, डोळे आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवा, आणि वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. माणसं येईपर्यंत त्याच्याजवळ बसून राहा.